अर्धा मिलिमीटर घेऊन कुरुळीला

लोक रजा काढून काश्मीरला जातात, निदान महाबळेश्वरला तरी. मी रजा काढून चिंचवड, चाकण आणि कुरुळी पाहून आले असं सांगितलं, की सांगलीतले लोक माझ्या तोंडाकडे बघत राहतात. "तिथं काय आहे बघण्यासारखं?" कारखाने आहेत, कांदे आहेत आणि एक बाई आहे, असं मी म्हणते. मग सगळंच सांगावं लागतं. दहा जणांना सांगून झाल्यावर घसा बसला, म्हणून आता लिहूनच काढते आहे.

मी डॉक्टर आहे, पण नाडी बघणारी नव्हे. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा माझ्या खोलीत येतो. तो मेणात बसवून त्याची अगदी पातळ चकती कापतात, रंगवून काचेवर ठेवतात, आणि मी ती सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगते की हे काय आहे. वीस वर्षं हेच केलं. माणसं मला आतून ठाऊक आहेत, समोरून आली तर एकही ओळखणार नाही. लग्न केलं नाही, रोग्यांशी बोलावं लागत नाही, त्यामुळे माझं बरं चाललं होतं.

संक्रांतीच्या आधी माझ्याकडे एक काच आली. चिठ्ठीवर होतं: हिरा रामू माने, वय तेहेतीस, उजवा तळपाय, काळा डाग. काचेत दिसला तो त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. आपल्या लोकांत हा रोग तळपायावर, तळहातावर नाहीतर नखाखाली निघतो, म्हणजे नेमका जिथे कोणी बघत नाही तिथे. म्हणून माणूस येतो तो बहुधा उशिरा. तोवर डागाची गाठ झालेली असते, ती फुटलेली असते, आणि जांघेत किंवा काखेत दुसरी गाठ आलेली असते. मग मी फक्त नाव लिहून सही करते.

पण ही काच तशी नव्हती. डाग पसरला होता, खोल गेला नव्हता. परदेशी मासिकांत नुकतंच वाचलं होतं की रुंदी नंतर बघा, आधी खोली मोजा, माणसाचं पुढचं आयुष्य बरंचसं त्यावर ठरतं. मी भिंगात मोजपट्टी घालून मोजलं. अर्धा मिलिमीटर. पुन्हा मोजलं, तेवढंच. वरची कातडी अखंड, फुटलेली नाही. म्हणजे ही बाई आता आली आणि डाग नीट काढला, तर बहुतेक म्हातारी होऊन मरेल. वर्षभराने आली तर तसं म्हणता येणार नाही.

आणि ती बाईच गायब. तुकडा देऊन ती निकालाची वाट न बघता गेली होती. केसपेपरवर पत्ता एवढाच, मु. कुरुळी, ता. खेड, जि. पुणे. पोस्टकार्ड पाठवलं, ते परत आलं: 'या नावाची व्यक्ती येथे नाही.' दुसरं पाठवलं, तेही तसंच. साहेब म्हणाले, "आपण आपलं काम केलं." मला साहेबांचा राग आला, पोस्टाचा आला आणि सगळ्यात जास्त त्या हिरा माने नावाच्या बाईचा आला. रागातच रजेचा अर्ज लिहिला.

पहिला दिवस : चिंचवड, आणि चुकून आळंदी

चिंचवडला माझी शाळेतली मैत्रीण कुसुम राहते. तिचे यजमान कारखान्यात आहेत. पोचल्या दिवशी सकाळी मी गॅलरीत चहा घेऊन उभी होते. भोंगा झाला, आणि खालच्या रस्त्यावरून सायकली सुरू झाल्या. शेकडो सायकली, प्रत्येकीच्या हँडलला डबा, आणि कोणी कोणाशी बोलत नाही. अर्ध्या तासात रस्ता रिकामा. आमच्या सांगलीत एवढी माणसं एकदम एका दिशेला फक्त कृष्णेला पूर आला की निघतात. कुसुम म्हणाली, "आमची घड्याळं ह्यांच्यावर लावतो आम्ही." तिच्या घरात घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं, ते मी बोलले नाही.

कुरुळी चाकणच्या अलीकडे, नाशिक रस्त्यावर. एसटीने तासाभराचं काम. पण मी एसटीच्या पाटीपेक्षा कंडक्टरच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवला, आणि उतरले ती आळंदीला. पुढची गाडी दोन तासांनी. तेव्हा इंद्रायणीच्या घाटावर जाऊन बसले.

माझी एक वाईट सवय तिथे उघडी पडली. घाटावर सगळे अनवाणी. कोणी दंडवत घालतंय, कोणी पाय धुतंय, कोणी पायरीवर पाय पसरून ऊन खातंय. मला नदी दिसेना, देऊळ दिसेना, नुसते तळपाय दिसायला लागले. भेगा, कुरुपं, काट्यांच्या खुणा. एका बाईच्या टाचेवर काळं दिसलं म्हणून मी वाकून बघायला गेले, तर ती डांबर लागलेली टाच निघाली. बाईने पाय ओढून घेतला आणि मला विचारलं, "काय हरवलं का तुमचं?"

"नाही, नाही. पाय बघत होते."

"पाय धरायचे असतात इथं, बघायचे नसतात," असं म्हणून ती उठून गेली. खानावळीत आमटी-भात खाल्ला. आमटी आमच्याकडच्यापेक्षा पातळ आणि दुप्पट तिखट होती. डोळ्यांतून पाणी काढत दुसरी वाटी मागून घेतली. तेवढ्यात गाडी चुकली, आणि त्या दिवशी चिंचवडलाच परतले.

दुसरा दिवस : कुरुळी, जिथे पुरुष नाहीसे झाले

कुरुळीच्या फाट्यावर सकाळी नऊला उतरले. पांढरी साडी, हातात कातडी बॅग, डोळ्यांवर चष्मा. रस्त्याच्या एका बाजूला कांद्याची रानं, दुसऱ्या बाजूला कंपनीच्या गाडीची वाट बघणारी तरणी पोरं. थंडी अजून होती आणि ऊन गोड लागत होतं. कांद्याच्या पातीचा वास सबंध गावभर. मला वाटलं, वा, सुरुवात तर छान झाली.

पारावर पाच-सहा माणसं बसली होती. मी म्हटलं, "नमस्कार. मी दवाखान्यातून आले आहे. एका बाईंना शोधते आहे."

एक उठला आणि घराकडे चालायला लागला. दुसऱ्याला बैल आठवले. तिसरा काहीच न बोलता पाराच्या मागून उतरला. मिनिटभरात तिथे एकटे म्हातारेबुवा उरले, तेही बहुधा गुडघे दुखत होते म्हणून.

"बाई," ते हात जोडून म्हणाले, "आमच्या गावचा कोटा कवाच पुरा झालाय."

"कसला कोटा?"

"नसबंदीचा वो. माझीबी झाली. ह्या वयात! आता तरी सोडा आमाला."

आणीबाणी उठून दोन वर्षं झाली होती, पण बॅगवाल्या बाईची भीती अजून गेली नव्हती. मी कितीही सांगितलं की मी त्यातली नाही, मी सूक्ष्मदर्शकवाली, तरी त्यांचा चेहरा काही सैल होईना. हिरा रामू माने म्हटल्यावर त्यांनी ठाम मान हलवली. "मान्यांचं घरच न्हाई आमच्यात. रामूबी न्हाई. समदं गाव गाड्यांचं न् सोनवण्यांचं." शाळेत विचारलं, तिथेही तेच. किराणा दुकानात विचारलं, दुकानदाराने मला गूळ विकला आणि तेच सांगितलं. दुपारी एकपर्यंत मी गावात तीन फेऱ्या मारल्या. एक कुत्रं तर तिन्ही फेऱ्यांना माझ्या मागे होतं, त्याचाही मला अविश्वास सहन करावा लागला.

फाट्यावर येऊन बसले तेव्हा खरं सांगते, रडू येत होतं. अर्धा मिलिमीटर कोणाच्या तरी पायात हळूहळू वाढतोय, आणि मी हातभर अंतरावरून परत चालले आहे, असं वाटत होतं. मग उस्मानभाईची आठवण झाली आणि आलेल्या पहिल्या एसटीत चढून चाकण गाठलं.

त्याच दिवशी दुपारी आणि तिसरा दिवस : चाकण

उस्मानभाई हा माझ्या काचांतला एकमेव माणूस, ज्याची मला बाहेरूनही ओळख आहे. सहा वर्षांपूर्वी तो सांगलीत ट्रकच्या गॅरेजात होता. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलं. मेकॅनिकचं नख काळं पडणारच, हातोडा बसला असेल, असं त्यालाही वाटलं आणि गॅरेजच्या मालकालाही. पण नख वाढतं तशी माराची काळी खूण पुढे सरकते आणि शेवटी कापून जाते. ह्याची सरकेना. हे लक्षात आलं त्याच्या बायकोच्या, जुलेखाभाभींच्या, कारण नखं त्या कापून द्यायच्या. त्यांनी त्याला धरून दवाखान्यात आणलं. अंगठ्याचं पेर काढावं लागलं, पण माणूस राहिला. पुढे तो आपल्या गावी चाकणला परत आला. दर ईदला त्याचं मला कार्ड येतं: 'अंगठा नाही, बाकी सगळं आहे.'

त्याचं गॅरेज भुईकोटाच्या पडक्या तटाजवळ निघालं. एका टेम्पोखालून दोन पाय बाहेर आले होते. मी हाक मारल्यावर त्या पायांमागून उस्मानभाई आला, मला बघून तोंडभर हसला, आणि हात पुसायच्या आधी तो थोटका अंगठा पुढे करून म्हणाला, "बघा बाईसाहेब, आधी तपासून घ्या. मग चहा."

मी खरोखरच तपासला. काखही चाचपली. काही नव्हतं. इतकं बरं वाटलं की मी तिथेच टायरवर बसले.

गॅरेजमागेच त्याचं घर. जुलेखाभाभींनी बाजरीची भाकरी, दालचा आणि कांद्याची पात परतून वाढली. चाकणच्या बाजारात कांदा एवढा येतो की रस्त्यावरून चालताना पायाखाली सालं उडतात. आमच्याकडे हळदीचा बाजार. तिथे वर्षभर पाय पिवळे, इथे सालांनी लालसर. जेवताना मी दिवसभराचं रामायण सांगितलं. नसबंदीच्या कोट्यावर उस्मानभाई एवढा हसला की त्याला ठसका लागला.

भाभी हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "कागदावर नाव काय म्हणालात?"

"हिरा रामू माने."

"आणि लग्न झालेली बाई?"

"हो. मंगळसूत्र होतं म्हणे."

"मग हे माहेरचं नाव असेल. दवाखान्यात कोण घेऊन आलं होतं? भाऊ?"

मी बॅगेतून केसपेपरची नक्कल काढली. खाली सही होती: शंकर रामू माने, नाते भाऊ.

"भाऊ तर बहिणीचं लहानपणचंच नाव सांगणार," भाभी म्हणाल्या. "आमच्यात लग्नात बाईचं नाव बदलत नाहीत. पण तुमच्यात बदलतात ना? आडनाव तर जातंच, पाटावर बसवून हिराची पार्वती करतात, मंदाची लक्ष्मी करतात. माझ्या शेजारणीला तिच्या माहेरची माणसं येईपर्यंत मला तिचं खरं नावच माहीत नव्हतं. कुरुळीत हिरा कुठून सापडणार?"

माझ्या आईचं माहेरचं नाव द्वारका आणि सासरचं सुमती, हे मला जन्मापासून माहीत आहे. माझ्या तिन्ही बहिणींची नावं माझ्यासमोर तांदळात लिहून बदलली. माझं कोणी बदललं नाही, म्हणून मला सुचलं नाही, दुसरं काय! वीस वर्षं शिकून मी गावभर एका नाहीशा झालेल्या मुलीला शोधत होते.

"आता नाव विचारायचंच नाही," भाभी म्हणाल्या. "सांगलीकडची सून कुठे आहे, एवढंच विचारायचं. आणि पुरुषांना नाही विचारायचं. गिरणीत विचारायचं."

तो मुक्काम मी त्यांच्याकडेच केला. तिसरा दिवस मात्र वाया गेला, कारण कुरुळीची गिरणी आठवड्यातून एक दिवस बंद असते आणि तो तोच दिवस. मी चक्रेश्वराला जाऊन आले, भुईकोटाच्या तटावर चढले आणि उतरताना घसरून साडी फाडून घेतली. उस्मानभाईने मला टेम्पोचं इंजिन खोलून दाखवलं आणि मी त्याला माझं काम समजावलं. त्याने नीट ऐकून घेतलं. म्हणाला, "म्हणजे गंज किती खोल गेला ते बघता. वरून नुसता रंग उडालाय का पत्रा खाल्लाय." वीस वर्षांत विद्यार्थ्यांना इतकं थोडक्यात मला सांगता आलं नव्हतं.

चौथा दिवस : पुन्हा कुरुळी

उस्मानभाईच्या स्कूटरवर मागे बसून गेले. बॅग त्यानेच कापडी पिशवीत घालायला लावली. गिरणीत सात-आठ बायका डबे लावून बसल्या होत्या. मी विचारलं, "तुमच्यात सांगलीकडची सून कोण हो?"

"गाड्यांची पारू!" तिघी-चौघी एकदम म्हणाल्या. "वड्याच्या पल्याड. तिचा पाय सुजलाय, दळणाला बी आली न्हाई."

पाय सुजलाय हे ऐकून मी स्कूटरपर्यंत जवळजवळ पळतच गेले.

पारू दारातच बसली होती, उजवा पाय पाटावर टाकून, कांदे निवडत. मी म्हटलं, "हिरा माने?" तिने एकदम वर बघितलं. मग तोंड भरून आमच्या कृष्णाकाठचं बोलणं ऐकू आलं. "सांगलीवनं आलासा व्हय? माझ्या भावानं धाडलं?"

मी पाटाशी वाकून पाय बघितला. काचेतली अखंड कातडी कुठेच नव्हती. डागाच्या जागी उघडी जखम, भोवती लाल, पाणी सुटलेलं. जांघेत हात लावला तर तिथे सुपारीएवढी गाठ. तिची सासू कोंडाबाई आतून पदर सावरत आली आणि म्हणाली, "अवधान आलंय तिच्या जांघेत. पायाला जखम झाली का येतंच."

वाचकाला नीट कळावं म्हणून सांगते. ह्या रोगात मी तीन गोष्टी बघते. डाग खोल गेला आहे का, वरची कातडी फुटली आहे का, आणि गाठ आली आहे का. तिन्ही 'नाही'कडे असल्या तर माणूस बहुतेक वाचतो. कातडी फुटली तर तेवढ्याच खोलीचा डागही जास्त वाईट समजायचा. गाठीत रोग पोचला तर फारच वाईट. सांगलीहून मी चांगली बातमी घेऊन निघाले होते, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत खोटी ठरत होती.

"हे कधी फुटलं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

पारूने सासूकडे बघितलं नाही, मुद्दाम कांद्याकडे बघितलं.

"फुटलं न्हाई," शेवटी कोंडाबाईच म्हणाली. "मी बिब्बा लावला. दहा दिस झालं. कुरूपच हाय म्हनलं. बिब्बा दिव्यावर धरून तेल लावलं, तर तो उतला."

माझ्या ओठांवर शब्द आले होते, ते इथे लिहिणार नाही. तेवढ्यात उस्मानभाईने माझ्या कोपराला हात लावला. मी स्वतःला आवरलं आणि विचार करायला लागले. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. जळलेली जखम चिघळली की जांघेत अवधान, म्हणजे सुजेची गाठ, येतं, कोंडाबाईचं ते बरोबर होतं. म्हणजे हे सगळं रोगाचं असेल, किंवा सगळं बिब्ब्याचं असेल. नुसतं बघून मला सांगता येईना. कापून काचेवर आल्याशिवाय कोणालाच सांगता आलं नसतं.

मी पारूला खरं ते सांगितलं. रोगाचं नाव सांगितलं, डाग उथळ होता हे सांगितलं, आता नक्की माहीत नाही हेही सांगितलं. तिने सगळं ऐकलं.

"पाय काढत्यात?"

"पाय नाही. तळव्याची तेवढी कातडी, आणि मांडीची कातडी तिथे लावतात. जांघेतली गाठ काढून तपासतात."

"मी न्हाई यायची," ती म्हणाली. "भोसरीला त्येंची शिफ्ट असती, दोन पोरं हैत, कांदा काढायला आलाय. बरं होईल हे. पाय गेला तर मला कोण ठेवून घील?"

ती रडत नव्हती, चिडली होती. मी मासिकातलं सगळं ज्ञान ओतलं आणि ती कांदे निवडत राहिली. मग उस्मानभाई ओट्यावर बसला. त्याने तिला अंगठा दाखवला नाही. तिच्या पाटीतला एक कांदा उचलला, चार बोटांत आणि त्या थोटक्यात धरून नखाने सोलला, आणि दुसरा उचलला. तिसऱ्या कांद्याला पारूचं लक्ष गेलं.

"काय झालं तुमास्नी?"

"तुमचंच. नखाखाली. माझी बायको मागं लागली म्हणून गेलो. ती नसती मागं लागली तर आज तुमी माझ्याशी बोलला नसता."

"तुमाला बायकू होती मागं लागाय," पारू म्हणाली. "माझ्या कोन लागतंय?"

"मी लागते," कोंडाबाई म्हणाली.

ती दारात उभी होती. साठीची, किडकिडीत बाई, हातात राखेचं फडकं. "बिब्बा मी लावलाय. मीच तिला घिऊन जाते. कांदा दत्तू काढंल न्हाईतर कुजंल. पोरं माझी लेक बघंल. तू ऊठ. लुगडी बांध."

दत्तू म्हणजे तिचा मुलगा, पारूचा नवरा, पहिल्या पाळीवरून तीनला आला. त्याला बातमी आईने दिली, दोन वाक्यांत. तो हातपाय धुवून माझ्यापुढे बसला आणि एवढंच म्हणाला, "मी येत न्हाई म्हंजे मला काळजी न्हाई असं समजू नगा. खाडा झाला तर कंपनी काढती." मी म्हटलं, नाही समजत. पुण्यातच मोठा दवाखाना आहे, तिथे न्या, असंही मी सुचवलं. पण पारू म्हणाली, येईन तर माहेरालाच.

निघायच्या आधी कोंडाबाईने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्या भागात मासवडी करतात. बेसनाच्या पोटात तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वड्या कापतात आणि वर झणझणीत रस्सा. नावात मास, आत एक कणही नाही. उस्मानभाईने पाच खाल्ल्या आणि मी, सांगायला लाज वाटते, सहा. माझ्या जिवाला घोर लागलेला होता आणि तरी रस्सा उत्तम होता. कोंडाबाईने वाढलं आम्हाला, स्वतः पानावर बसली नाही. उपास आहे म्हणाली.

परतल्यावर

सांगलीला येताना गाडीत पारू सगळा वेळ खिडकीशी होती आणि कृष्णा दिसल्यावर लहान मुलीसारखी ओरडली. कोंडाबाईने आयुष्यात पहिल्यांदा आगगाडी बघितली होती. बोगद्यात तिने माझा हात धरला, तो बोगदा संपल्यावरही सोडला नाही.

शस्त्रक्रिया नीट झाली. तळव्याचा तुकडा आणि जांघेतली गाठ माझ्याकडे आली. एरवी चकत्या तयार व्हायला दोन दिवस लागतात, ते मला दोन महिन्यांसारखे गेले. माझ्या हाताखालच्या माणसाला मी इतक्यांदा विचारलं की तो म्हणाला, "बाई, मेण माझ्या हातात आहे, ते थिजणं माझ्या हातात नाही."

शेवटी काच आली. आधी गाठ बघितली. सगळा भाग फिरून बघितला, पुन्हा फिरून बघितला. सुजलेली होती, जखमेमुळे सुजते तशी. काळी पेशी एकही नाही. मग तळवा. जखमेच्या जागी वरची कातडी जळलेली, आणि तिच्याखाली रोग जिथल्या तिथे. तो वर फुटला नव्हता, खाली उतरला नव्हता. कडेला चांगली जागा मोकळी सोडून सगळाच्या सगळा बाहेर आला होता. मी मोजलं. अर्धा मिलिमीटर, त्याहून केसभर कमीच.

निकालाचा कागद शिपाई वॉर्डात नेतो, अशी आमच्याकडे पद्धत आहे. मी तो घेऊन स्वतः जिना उतरले. आमच्याच दवाखान्यात स्त्रियांचा वॉर्ड कुठे आहे हे मला एका नर्सला विचारावं लागलं.

पारू पाय उंच बांधून झोपली होती. गाढ झोपेत. कोंडाबाई खाली फरशीवर बसलेली. मी तिच्याशेजारी बसले, गुडघे कुरकुरले. हळू आवाजात सगळं सांगितलं. गाठीत काही नाही. डाग सगळा निघाला. काही वर्षं दर सहा महिन्यांनी दाखवायला यावं लागेल, शब्द कोणालाच देता येत नाही, पण मला स्वतःला वाटतं की ही जगेल.

तिने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन् माझ्या बिब्ब्यानं?"

"बिब्ब्याने कातडी जाळली. रोगाला काही केलं नाही. मी डोळ्यांनी बघितलं."

"नक्की?"

"हे नक्की."

तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "बाई, तुमच्याकडं काय खायला हाय का? बिब्बा लावला मी हे तुमास्नी सांगितलं, त्या दिसापास्नं माझ्या पोटात नुसतं पानी हाय."

माझ्या डब्यात दोन भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. तिथेच फरशीवर उघडला. तिने भाकऱ्यांचे तीन भाग केले, एक माझ्यापुढे ठेवला, एक फडक्यात बांधून पारूच्या उशाशी ठेवला, आणि तिसरा खायला सुरुवात केली.